उंची : एकशे अठ्ठ्याण्णव

विलास, तुझी उंची मी चुकीची टाइप केली. सहा फूट तीन इंचांचे सेंटिमीटर करताना वरचे तीन इंच मी दोनदा मिळवले, एकदा तोंडी आणि एकदा कॅल्क्युलेटरवर. यायला हवे होते एकशे नव्वद, आले एकशे अठ्ठ्याण्णव. तेच मी तुझ्या बायोडेटावर छापलं.

हे मी आजवर किती ठिकाणी सांगितलं असेल! लग्नात, बारशात, ऑफिसच्या पार्ट्यांत, मंडळाच्या गणपतीत थेट स्टेजवरून. इथपर्यंत आलं की लोक हसायला लागतात, मी जरा थांबतो आणि मग तुला विमानात बसवतो. आज कागदावर लिहिलं, कुणी हसलं नाही, तेव्हा उठून बाल्कनीत गेलो. परत आलो. चहा ठेवला, तो उतू घालवला. तुला जाऊन दहा दिवस झाले आणि या दहा दिवसांत मी एका जागी बसून एक अख्खा पेपर वाचलेला नाही. उद्या संध्याकाळी फरीदाबादला तुझी शोकसभा आहे, कुंदावहिनींनी मला बोलायला सांगितलंय, आणि मी कागद घेऊन घरभर हिंडतोय. बायको म्हणाली, "एका खुर्चीत बसा तरी, नाहीतर खाली पार्कात जाऊन लिहा."

बोलायला काय, मी कशावरही बोलतो. पण एक प्रश्न होता, तो मी तुला अठ्ठावीस वर्षांत धड विचारला नाही. त्या तीन इंचांनी मी तुझा खेळ बिघडवला का? आणि गेल्या दहा दिवसांत त्याला दुसरा जोडला गेला. तू माझ्यावर रागावलेलाच गेलास का?

आपण इथेच मयूर विहारमध्ये, एका सरदारजींच्या गच्चीवरच्या खोलीत राहायचो. मी पुण्याहून एका एक्स्पोर्ट कंपनीत नोकरीला आलेलो, तू नागपूरहून खेळाडूंच्या कोट्यातून एका सरकारी खात्यात. दुसरा मराठी माणूस दोघांनाही सापडेना, म्हणून एकमेकांना सहन केलं. तू पलंगावर तिरका झोपायचास तरी तुझी पावलं माझ्या हद्दीत यायची. मला तू 'पुणेकर' म्हणायचास, एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसं. "ए पुणेकर, चहा घेतो का म्हणून विचारून राहिला, की घेत नाही असं सांगून राहिला बे?"

बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तू मला स्टेडियममध्ये नेऊन बसवायचास. इतकं समजलं की तू पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन येणारा आणि बाकीच्यांनी कुठे पळायचं ते ठरवणारा. गार्डच्या मानानं तू उंच होतास, पण तुमच्या सेंटरशेजारी, म्हणजे रिंगखालच्या सगळ्यात उंच गड्याशेजारी, उभा राहिलास की अगदी माझ्यासारखा दिसायचास. उजवीकडे बघायचास आणि चेंडू डावीकडच्या माणसाच्या हातात. मला तेवढंच आवडायचं. ती मला चक्क लबाडी वाटायची.

मग तुमच्या संघातून मस्कतला गेलेल्या एका मल्याळी मित्राचा निरोप आला. तिथल्या क्लबला बाहेरचा खेळाडू हवाय, एक पानी बायोडेटा पाठव, उंची-वजन नक्की लिही. कॉम्प्युटर आणि फॅक्स दोन्ही माझ्या ऑफिसात. जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून, एका हातानं मी तुझं आयुष्य टाइप केलं. आठ दिवसांत उत्तर आलं : या. सरदारजींच्या बायकोनं बर्फी वाटली. तू गेलास आणि चार दिवसांनी ऑफिसात फोन आला.

"ए पुणेकर, एअरपोर्टवर मॅनेजर माझ्या डोक्यावरून मागे बघून राहिला होता बे. म्हणे, मोठा माणूस कुठे आहे? त्यांना सेंटर पाहिजे होता. काय लिहून ठेवलं तू?"

मी ऑफिसची कॉपी काढली, आकडा बघितला आणि फोनवरच चूक कबूल केली. तू हसलास. जरा लवकरच हसलास, पण ते तेव्हा कुठे लक्षात यायला? मी म्हटलं, "परत ये." तू म्हणालास, "परतीचं तिकीट सीझन संपल्यावरचं आहे. खेळतो ना, जे सांगतील ते."

आणि तू सेंटर खेळलास. रिंगखाली उभं राहायचं. चेंडू आदळून परत येतो त्या क्षणी समोरच्या धिप्पाडाला पाठ लावायची, गुडघे वाकवायचे आणि त्याला मागे रेटून धरायचं, म्हणजे चेंडू आपल्या कुणाला तरी मिळतो. तू म्हणायचास, "हे काम रोड रोलर थांबवण्यासारखं आहे, फक्त रोड रोलरला घाम येत नाही." एकदा का मस्कतनं तुला सेंटर ठरवलं की ढाक्यानं सेंटर म्हणूनच बोलावलं, मग माले, इपोह, नैरोबी, अल्माटी. कुठे एक सीझन, कुठे अर्धा. गार्ड म्हणून तुला परत कुणी विचारलं नाही. चेंडू घेऊन येणारा माणूस अकरा वर्षं दुसऱ्याच्या चेंडूची वाट बघत पाठीनं ढकलत राहिला. नैरोबीत एका गड्यानं तुला काखेत धरून उचललं आणि बाजूला ठेवलं, "कुंडी हलवतात तसं," असं तूच सांगितलंस. माझ्या गोष्टीत ही कुंडी मी लगेच घेतली.

प्रत्येक क्लबची एक जर्सी तू मला आणायचास. मी त्या घालून सकाळी पार्कात फिरायला जायचो, गुडघ्यापर्यंत. अल्माटीच्या जर्सीवर छातीभर कुठल्यातरी लिपीत काहीतरी लिहिलेलं होतं. चार वर्षं मी ती अभिमानानं मिरवली. मग एक रशियन येणारे गृहस्थ भेटले आणि म्हणाले, ती गुरांच्या खाद्याची जाहिरात आहे. तुला हे माहीत होतं. हो ना?

तू कायमचा परत आलास, फरीदाबादला घर केलंस. एकदा आमच्याकडे जेवायला आला होतास. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी निरोप द्यायला दारात उभा होतो, आणि तू कठडा धरून उलटा उतरायला लागलास. तोंड माझ्याकडे, पाऊल मागे. मला वाटलं, माझी काहीतरी नक्कल चाललीय. मी मोठ्यानं हसलो. तू पण हसलास. म्हणालास, "सरळ उतरलो तर गुडघे शिव्या देतात बे." तू उलटा उलटा तीन मजले उतरलास आणि मी वरून बघत राहिलो. त्या दिवसापासून ती गोष्ट सांगताना मला मधेच एक जिना दिसायला लागला. सांगायचं मात्र थांबवलं नाही.

बोलायचा एकदा प्रयत्न केला. संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला काला अंबला गेली होती, तेव्हा तू आणि वहिनी आला होतात. धुकं असं की स्मारक जवळ जाईपर्यंत दिसेना. लोक फुलं वाहत होते, कुणीतरी घोषणा देत होतं. मी तुला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "विलास, ते तीन इंच..."

तू माझ्याकडे असं बघितलंस! "इथे? एवढी माणसं कापली गेली इथे, आणि तुला तीन इंच आठवून राहिले?"

मग शेंगदाण्याची चिक्की तोंडात टाकून म्हणालास, "आपली तऱ्हा बघ पुणेकर. हरलो त्या ठिकाणी दरवर्षी बस करून येतो. मी सहा देशांत हरलो, एकानं दगड नाही बसवला." मी हसलो आणि विषय बुडाला. तुला विषय बुडवता यायचा, मला हसून घ्यायचं असायचं, असं आपलं बरं चाललं होतं.

आणि मग यंदाचा मेचा कॅम्प. तुझ्या सेक्टरच्या मैदानावर तू मुलांसाठी घेतलेलं बास्केटबॉलचं उन्हाळी शिबिर, शेवटचा दिवस, सर्टिफिकेटं द्यायला 'प्रमुख पाहुणे' मी. शिबिराच्या प्रवेशअर्जावर मुलाचं नाव होतं, वय होतं, रक्तगट होता, उंचीचा रकाना नव्हता. मी तो कागद तीनदा वाचला. मला वाटलं, ही मला मारलेली चपराक आहे. मग मला जे येतं ते मी केलं. माइक हातात घेतला आणि ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. मुलं खदखदून हसली, आईवडील हसले. मी तुला विमानात बसवलं, मस्कतला उतरवलं, मॅनेजर तुझ्या डोक्यावरून मागे बघतोय एवढ्यात तू पुढे आलास आणि माझ्या हातातून माइक काढून घेतलास.

"बस झालं."

मुलांना तोही विनोद वाटला. नंतर पाण्याच्या कूलरपाशी आपलं भांडण झालं. तू आवाज चढवला नाहीस, हेच वाईट होतं.

"तू ही गोष्ट नेहमी एअरपोर्टवर संपवतो."

"अरे, तिथे हशा आहे."

"त्याच्यापुढे अकरा वर्षं आहेत ना बे. त्यातलं एक तरी विचारलं तू मला? गोष्ट तुझी आहे का माझी?"

"विलास, हसतात ते मला हसतात. तुला काय झालं?"

"तेच तर म्हणून राहिलो," तू म्हणालास आणि मुलांकडे निघून गेलास.

मी घरी आलो तो धुसफुसत. अठ्ठावीस वर्षं स्वतःचं हसं करून घेतोय आणि वर याचाच राग! दुसऱ्या आठवड्यात राग उतरला, लाज चढली. व्हॉट्सअ‍ॅपवर 'सॉरी' लिहिलं, खोडलं. मोठं लिहिलं, तेही खोडलं. फोन हातात घेऊन पार्काला फेऱ्या मारल्या. शेवटी तुला काय पाठवलं? नागपूरच्या उन्हावरचा एक फॉरवर्ड जोक. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. दोन महिने गेले आणि एका सकाळी सातला वहिनींचा फोन आला. कोर्टवर जायला बूट चढवत होतास, वाकलास तो उठलाच नाहीस. आपल्या दोघांत शेवटची गोष्ट म्हणजे तो जोक. तोही धड नव्हता.

काल वहिनींनी बोलावलं. सभेत वाचायला तुझ्या सगळ्या संघांची यादी हवी होती, क्रमानं, आणि "तुम्हाला पाठ असेल," असं त्यांना वाटलं. मेट्रोत मंडी हाउसला गाडी बदलायची विसरलो, दोन स्टेशनं पुढे जाऊन परत आलो. पोचलो तर त्यांनी तुझी जुनी फाइल काढून ठेवलेली. करार, पासपोर्ट, गटाचे फोटो, ज्यांत तू मधल्या रांगेत टाचा उचलून उभा आहेस. माझी यादी त्यांनी तपासली. माले आणि ढाका मी उलटसुलट लिहिले होते.

फाइलच्या तळाशी चार कागद तुझ्या हस्ताक्षरातले निघाले. बायोडेटाच्या प्रती, मस्कतच्या आधी चार ठिकाणी पाठवलेल्या. चारही कागदांवर उंची एकशे नव्वद. आणि त्यांच्याखाली पाचवा, मी टाइप केलेला, पहिला खर्डा. मला तो आठवतसुद्धा नव्हता. वडिलांच्या नावातली माझी चूक तू पेनानं दुरुस्त केलेली होतीस. पासपोर्टच्या नंबरातला एक आकडा बदललेला होता. आणि बाकी प्रत्येक ओळीपुढे बारीक बरोबरची खूण. जन्मतारीख, खूण. वजन, खूण. उंची एकशे अठ्ठ्याण्णव, खूण.

मी तो कागद खिडकीशी नेला. परत आणला.

"वहिनी, त्यानं हे वाचलं होतं?"

"मग? तुमच्या हातचा कागद हे न वाचता पाठवतील?"

"पण मग आकडा..."

"बसा ना भाऊजी, किती फिरून राहिले." मी बसलो. "चार ठिकाणी खरी उंची लिहून पाठवली होती. एकाचं उत्तर आलं नाही. एवढ्याच उंचीचा गार्ड कोणाला पाहिजे होता बाहेर? आणि इकडच्या टीमनं अख्खा सीझन बेंचवर बसवून ठेवलं होतं. तुम्हाला मॅचला बोलावणं बंद केलं होतं, आठवते?"

आठवलं. त्या हिवाळ्यात तू मला एकदाही स्टेडियमवर नेलं नव्हतंस. मी मनात म्हटलं होतं, बरं झालं, थंडी आहे.

"तुमचा आकडा पाहिला आणि दिवसभर कागद खिशात ठेवून फिरले," वहिनी म्हणाल्या. "मग खूण केली. लग्नानंतर मला सांगितलं. म्हणाले, पुणेकराकडून दार चुकून उघडं राहिलं, आत मी माझ्या पायानं गेलो."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही इतक्या खुशीत सांगत होते सगळ्यांना! आणि खरं सांगू का, खोटी उंची लिहून गेला असं म्हणवून घेण्यापेक्षा दोस्ताची चूक झाली म्हटलेलं बरं दिसते. पहिले ते बरंच वाटलं ह्यांना. मग वय झालं तसं खुपायला लागलं. इतकी हिंमत केली, इतका मार खाल्ला, आणि लोकांना वाटते पोरगा चुकून गेला."

मी विचारलं. विचारायचंच होतं. "माझ्यावर रागावला होता का?"

"हाव. दोन दिवस." त्या तुझे कागद एकावर एक लावत होत्या. "मग तुमचा तो उन्हाचा जोक आला. मला वाचून दाखवला. म्हणाले, मागच्या उन्हाळ्यातलाच पाठवून राहिला बे हा."

"मग फोन का नाही केला त्यानं?"

"तुम्ही कराल म्हणून."

विलास, मी तिथून उठलो, स्वयंपाकघरापर्यंत गेलो, पाणी न पिताच परत आलो. तुझा राग आला. साल्या, अठ्ठावीस वर्षं! ओझं आहे असं समजून मी काहीतरी वाहत होतो, त्या ओझ्यावर जोक करत होतो, आणि तू शेजारून चालत होतास, मोकळ्या हातांनी. मग वाटलं, मोकळ्या हातांनी कुठे? तू स्वतःचं उचलून चालला होतास, उलट्या पावलांनी जिने उतरत होतास, आणि वर माझी गोष्टही ऐकून घेत होतास, दरवेळी त्याच जागी हसत. मस्कतच्या त्या मैदानावर पहिल्या दिवशी तू कसा उभा राहिला असशील? आपण बुटके आहोत हे सगळ्यांना दिसतंय, आणि आपल्याला ते आधीपासून माहीत आहे, असा माणूस पाठ फिरवून गुडघे वाकवतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं? हे मी विचारायला हवं होतं. तू विमानातून उतरलास की मी माइक खाली ठेवायचो. पुढचं अल्माटी, पुढचं नैरोबी, तो बर्फ, ते खेळाडू, हरल्यावर बसमध्ये तू काय करायचास, मला काही माहीत नाही. माझ्याकडे एक कुंडी तेवढी आहे.

आणि त्या अर्जावर उंचीचा रकाना का नव्हता, तेही कळलं. चपराक वगैरे काही नव्हती. फरीदाबादच्या त्या पोरांना एक गोष्ट तू आधीच माफ करून टाकली होतीस, एवढंच. तुला स्वतःला जे लिहावं लागलं ते त्यांना लिहायला लागू नये.

थँक यू म्हणायचं तर कशाकशासाठी म्हणू? त्या खोलीतल्या अर्ध्या पलंगासाठी म्हणतो. सहा जर्सींसाठी म्हणतो, गुरांच्या खाद्यासकट. आणि तू मला एका चुकीचा मालक राहू दिलंस, त्यासाठीही. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं तेवढंच होतं, हे तुला माहीत असणार.

निघताना मी चपला घालत वहिनींना म्हटलं, "वहिनी, आता परवा सभेत मी बोलू काय? मला वाटत होतं त्याचं करिअर मी घडवलं नाहीतर बिघडवलं, दोन्हीपैकी एक तर नक्की."

त्यांनी फाइलची नाडी बांधली. रडून डोळे सुजलेले होते, तरी माझ्याकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसूच होतं.

"ह्यांचं सांगा, तुमचं नका सांगू. तुम्ही नुसतं टायपिंग केलं, भाऊजी. तेही चुकीचं."